दुकानाचा वास: सुगंधाने गिऱ्हाईक खरंच थांबतं का?

२००८ च्या जानेवारीत हॉवर्ड शुल्ट्झ पुन्हा स्टारबक्सचे प्रमुख झाले आणि सुरुवातीलाच त्यांनी एक चांगला खपणारा पदार्थ बंद करायचं ठरवलं. पदार्थ होता न्याहारीचं गरम सँडविच. लोक ते आवडीने घेत होते, कंपनीला त्यातून पैसा मिळत होता. भानगड एकच होती: ओव्हनमध्ये गरम करताना चीज वितळून खाली सांडायचं, करपायचं, आणि त्या करपट वासाखाली कॉफीचा वास दबून जायचा. कॉफीच्या दुकानात शिरल्यावर कॉफीचा वास येत नसेल तर दुकानच हरवलं, असा शुल्ट्झ यांचा हिशेब होता. पुढे सँडविचची कृती आणि गरम करायची पद्धत बदलली, वास आटोक्यात आला आणि सँडविच परत आलं.

हा किस्सा आधी सांगितला त्याला कारण आहे. सुगंधाचं मार्केटिंग म्हटलं की बहुतेकांना भिंतीवर टांगलेली, ठराविक वेळाने फुस्स करणारी डबी आठवते. पण वास प्रत्येक जागेला असतोच. कोऱ्या कापडाच्या दुकानाला असतो, औषधांच्या दुकानाला असतो, जुन्या सहकारी बँकेतल्या लेजरच्या कपाटाला असतो. प्रश्न एवढाच की तो नशिबावर सोडायचा की ठरवून ठेवायचा.

आपल्याकडे तो ठरवून ठेवणारे लोक फार पूर्वीपासून आहेत, फक्त त्यांनी त्याला मार्केटिंग म्हटलं नाही. वडापावच्या गाडीवर कढई नेहमी रस्त्याच्या बाजूला असते. कॉफीच्या बिया दुकानातच भाजून दळून देणाऱ्याला जाहिरातीचा फलक लावावा लागत नाही. विदर्भात उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडलं जायचं. आत येणाऱ्याला गारवा आणि सुगंध एकदमच मिळायचा, आणि तो बसायचा. विलेपार्ल्याला तर अख्ख्या उपनगराची ओळख वासावर होती. १९२९ मध्ये सुरू झालेला आणि पुढे बिस्किटांसाठी ओळखला गेलेला पारलेचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तोवर डोळे मिटून लोकलमध्ये बसलेल्या माणसालाही पार्ले आलं हे कळायचं. एवढी जाहिरात विकत घ्यायची म्हटली तर किती खर्च आला असता याची कल्पना करा.

नाकाची वाट वेगळी

नाकाच्या आतल्या पोकळीच्या अगदी वरच्या टोकाला नाजूक आवरणाचा एक लहानसा पट्टा असतो. श्वासाबरोबर आलेले वासाचे रेणू तिथल्या मज्जापेशींवर बसतात. या पेशींवर जी प्रथिनं हे रेणू ओळखतात त्यांना रिसेप्टर म्हणतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. एका वासासाठी एक रिसेप्टर असा सरळ हिशेब नसतो. एकच रेणू अनेक रिसेप्टरना कमी-अधिक जागं करतो, आणि कोणकोणते जागे झाले यावरून मेंदू वास ओळखतो. म्हणून इतक्या थोड्या प्रकारांवर आपण हजारो वास वेगळे काढू शकतो. या रिसेप्टरची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधून काढली आणि त्यासाठी त्यांना २००४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता मार्केटिंगवाल्यांना ज्यात रस आहे तो भाग. डोळ्यांचे, कानांचे, स्पर्शाचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या भागात जातात आणि तिथून पुढे वाटले जातात. वासाचा संदेश या थांब्यावर न थांबता पुढे जातो. नाकाच्या वर असलेल्या ऑलफॅक्टरी बल्बमधून तो भीती, ओढ, किळस असल्या गोष्टी हाताळणाऱ्या अमिग्डालापर्यंत आणि आठवणी साठवणाऱ्या हिपोकॅम्पसच्या शेजारापर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोचतो. त्यामुळे एखादा वास आला की तो कशाचा हे आठवायच्या आधीच बरं किंवा वाईट वाटून गेलेलं असतं.

या शरीरशास्त्रावरून सुगंध विकणाऱ्या कंपन्या एक उडी मारतात: वास थेट भावनेला भिडतो, म्हणून गिऱ्हाईक विचार न करता खरेदी करतं. पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं त्यातून निघत नाही. बरं वाटणं आणि खिशात हात घालणं यांच्या मध्ये किंमत, गरज, घरी काय म्हणतील ही धास्ती आणि त्या दिवशी खात्यात किती आहेत, एवढं सगळं येतं.

नाकाची आणखी एक सवय इथे फार महत्त्वाची आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत त्याची जाणीव मंदावते. घरात शिरलेल्या पाहुण्याला आपल्या घराचा वास येतो, आपल्याला येत नाही. दुकानाच्या बाबतीत याचा अर्थ असा की गिऱ्हाइकाला वास जाणवतो तो आत आल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत. आणि दिवसभर गल्ल्यावर बसलेल्या मालकाला तो जवळपास जाणवतच नाही. मग मालकाला वाटतं वास कमी पडतोय, तो यंत्राचा काटा वाढवतो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वाढवतो. डोकं धरायला लावणारी दुकानं आणि हॉटेलं बहुधा अशीच घडतात. सुगंधाचं प्रमाण भाजीतल्या मिठासारखं असतं, नीट असेल तर त्याबद्दल कुणी बोलत नाही. ते ठरवायला बाहेरून नुकतंच आलेलं नाक लागतं. कुरिअरवाल्याला विचारलं तरी चालेल.

प्रयोग काय सांगतात

या विषयावर फिरणारे आकडे एखाद्या लग्नातल्या मानपानाच्या गोष्टींसारखे प्रत्येक सांगण्यात वाढत जातात, म्हणून थोडं थांबून बघू.

सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा लास व्हेगासचा. अ‍ॅलन हर्श या डॉक्टरांनी तिथल्या एका कॅसिनोत नाण्यांच्या जुगारयंत्रांच्या एका भागात सुगंध सोडला आणि त्या भागातली उलाढाल आधीच्या-नंतरच्या दिवसांपेक्षा ४५ टक्क्यांनी वाढली, असा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. सुगंध विकणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या सादरीकरणात हा आकडा भेटतो. पण तो एका जागेचा, एका शनिवार-रविवारचा आहे. त्या शनिवारी-रविवारी तिथे कोण लोक आले होते, किती प्यायले होते, शेजारी कोणता कार्यक्रम होता, हे सगळं बाजूला काढता येत नाही. असल्या एका प्रयोगावर मी दुकानाचा खर्च ठरवणार नाही.

यापेक्षा सावधपणे केलेलं काम एरिक स्पँगेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे. १९९६ मध्ये त्यांनी विद्यापीठात एक खोटंखोटं दुकान मांडलं. काही जणांना ते सुगंधासह दाखवलं, काहींना त्याशिवाय. सुगंध असताना लोकांनी दुकानाला आणि मालालाही अधिक चांगले गुण दिले. आणखी गमतीची गोष्ट वेळेची होती. बिनवासाच्या दुकानात फिरलेल्यांना आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ घालवल्यासारखं वाटलं; सुवासिक दुकानातल्यांना तसं वाटलं नाही. कोणता सुगंध, याने मात्र फारसा फरक पडला नाही. तो नकोसा नव्हता, एवढं पुरलं.

मग तोच गट खऱ्या दुकानात गेला. २००६ च्या अभ्यासात एका कपड्यांच्या दुकानात, जिथे बायकांचे आणि पुरुषांचे कपडे सारखेच होते, त्यांनी आलटून-पालटून दोन वास ठेवले: एक व्हॅनिलाचा, जो बायकांशी जोडला जातो, आणि एक मसालेदार गुलाबाचा, जो त्यांच्या आधीच्या चाचणीत पुरुषी ठरला होता. वास आणि गिऱ्हाईक जुळलं तेव्हाचा खर्च न जुळलेल्या वेळेच्या जवळपास दुप्पट निघाला. म्हणजे कोणता सुगंध कुणासाठी, याने फरक पडतो. अर्थात हेही एकच दुकान आणि थोडे दिवस. दुप्पट हा आकडा सोडा, जुळण्याची दिशा लक्षात ठेवा.

माझ्या मते दुकानदाराच्या सर्वांत कामाचा प्रयोग २०१३ चा आहे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन शहरात घरसजावटीच्या एका दुकानात संशोधकांनी काही दिवस नुसत्या संत्र्याचा वास ठेवला, काही दिवस संत्रं, तुळशीच्या जातीतलं बेसिल आणि ग्रीन टी यांचं मिश्रण ठेवलं, आणि काही दिवस काहीच नाही. दोन्ही वास लोकांना आवडणारे होते. तरीही नुसत्या संत्र्याच्या दिवसांत माणशी खर्च सरासरी सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघाला. महागड्या मिश्रणाने काही घडलं नाही. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की साधा वास मेंदू चटकन ओळखून मोकळा होतो. गुंतागुंतीचा वास आला की मनात कुठेतरी हे कशाचं आहे बरं हे चालू राहतं, आणि साडी बघायचं मन तिकडे थोडं खर्च होतं. (साडी माझी, स्विस लोकांची नव्हे.)

वास एकटा काम करत नाही, हेही दिसलेलं आहे. अ‍ॅना मॅटिला आणि योखेन विर्ट्झ यांनी २००१ मध्ये भेटवस्तूंच्या दुकानात लॅव्हेंडरसारखा शांत करणारा वास आणि ग्रेपफ्रूटचा तरतरीत वास घेतला, आणि संथ व जलद अशा दोन तऱ्हांचं संगीत. शांत वासाबरोबर संथ संगीत आणि तरतरीत वासाबरोबर जलद संगीत असताना लोकांना दुकान जास्त आवडलं. उलटसुलट जोड्यांचा असा फायदा झाला नाही. आपल्याकडे चंदनाचा मंद वास, मंद दिवे आणि वर छातीत धडधडणारं डीजेचं गाणं, अशी कॉफीची दुकानं मी पाहिलेली आहेत.

२०१७ मध्ये जर्नल ऑफ रिटेलिंगमध्ये संगीत, वास आणि रंग यांवरचे तोवरचे अभ्यास एकत्र मांडून पाहिले गेले. परिणाम आहे, पण तो लहान ते मध्यम आहे. लोकांना जागा बरी वाटते, ते थोडा अधिक वेळ थांबतात. तिजोरी भरून वाहू लागत नाही.

कुणाच्या नाकाला काय

सुगंधाच्या बाबतीत परदेशातली कृती जशीच्या तशी उचलली की हमखास गडबड होते, कारण वासाची आवड बऱ्याच अंशी शिकलेली असते. याचं प्रसिद्ध उदाहरण विंटरग्रीन या वनस्पतीच्या वासाचं. अमेरिकेत हा वास गोळ्यांचा आणि च्युइंगगमचा, त्यामुळे तिथल्या चाचण्यांत तो लोकांच्या आवडत्या वासांत आला. ब्रिटनमध्ये तो दुखण्यावर चोळायच्या मलमाचा, त्यामुळे तिथे नावडत्यांत. त्या वासातला मुख्य रेणू मिथाइल सॅलिसिलेट. आपल्या घरात तो पाठदुखीच्या काळ्या मलमाच्या बाटलीत असतो. पंचतारांकित लॉबीत तो सोडला तर पाहुण्यांना आजीची कंबर आठवेल.

लिंबाचं तसंच. युरोपात लिंबाचा वास म्हणजे ताजेपणा, आणि स्वच्छतेशी त्याचं नातं इतकं घट्ट की नेदरलँड्समध्ये २००५ च्या एका प्रयोगात, लिंबूवर्गीय साफसफाईच्या द्रावणाचा पुसटसा वास असलेल्या खोलीतून आलेल्या लोकांनी नंतर चुरा सांडणारं बिस्कीट खाताना टेबल अधिक नीट ठेवलं. इथे लिंबाचा तीव्र वास आला की मला भांड्यांचा साबण आठवतो, आणि मी यात एकटा नसावा. हॉटेलच्या स्वच्छतागृहात तो चालेल, जेवणाच्या दालनात नको. कापूर आणि धूप म्हणजे देवघर. दागिन्यांच्या पेढीत सकाळी तो वास शोभतो, विश्वास वाढवतो. दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात लवंगेचा वास ठेवणं मात्र क्रूरपणा होईल, कारण दाढेचं दुखणं आणि लवंगेचं तेल यांचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. मोगरा हा गजऱ्याचा, लग्नघराचा, उन्हाळ्याच्या संध्याकाळचा. शालू-पैठणीच्या दालनात याहून सोपा वास शोधूनही सापडणार नाही, आणि वरचा सेंट गालेनचा प्रयोग बघता तो नुसता मोगराच असलेला बरा.

मातीच्या वासाचा मोह बऱ्याच जणांना होतो. कन्नौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून मिट्टी अत्तर पिढ्यान्‌पिढ्या बनवतात, आणि एप्रिल-मेमध्ये तो वास कुणालाही विरघळवतो. पण जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत ओलसर मातीचा वास म्हणजे भिंतीला आलेली बुरशी. तोच वास, महिना बदलला की अर्थ बदलतो.

यंत्रात काय चालतं

अगरबत्ती, मेणबत्ती, काड्यांची बाटली, पाण्यात तेलाचे थेंब टाकून वाफ काढणारं भांडं, हे सगळे सुगंध पसरवायचेच प्रकार. मोठ्या जागेत यांचा एक त्रास होतो. कुठल्याही सुगंधी मिश्रणात हलके रेणू असतात आणि जड रेणू असतात. लिंबू-संत्र्याचे हलके, ते आधी उडतात; या व्यवसायातले लोक त्यांना टॉप नोट म्हणतात. चंदन, व्हॅनिला, कस्तुरीसारखे वास जड, ते मागे रेंगाळतात. त्या बेस नोट. उष्णतेने किंवा नुसत्या हवेने सुगंध उडू दिला की पहिले काही दिवस एक वास येतो आणि नंतर दुसराच.

म्हणून हॉटेलं आणि मॉल थंड हवेची यंत्रं वापरतात. त्यांत दाबाखालची हवा तेलावर सोडून तेलाचे काही मायक्रॉनचे बारीक कण केले जातात. उष्णता नसल्यामुळे हलके-जड सगळे रेणू एकत्रच हवेत जातात आणि वास पहिल्या दिवशी जसा, तसाच शेवटच्या दिवशी. यंत्र एसीच्या डक्टला जोडतात, हवा फिल्टरमधून बाहेर पडते त्या बाजूला, म्हणजे कण फिल्टरमध्येच अडकत नाहीत. टायमर असतो: काही सेकंद चालू, काही मिनिटं बंद. ही मधली विश्रांती तेल वाचवते आणि नाकालाही जरा उसंत देते.

विकत घेताना यंत्राच्या किमतीपेक्षा तेलाच्या रिफिलचा महिन्याचा खर्च आणि ते तेल दुसऱ्याकडून घेता येतं का हे आधी विचारावं. बरेच पुरवठादार यंत्र स्वस्तात किंवा भाड्याने देतात आणि तेलावर कमावतात. कापडाच्या दुकानात यंत्राचं तोंड मालाकडे नको. कापड वास धरून ठेवतं आणि फिकट रेशमावर तेलाचा डाग पडू शकतो. खास आपल्यासाठी सुगंध बनवून घ्यायचा तर मुंबईत त्या व्यवसायाची जुनी परंपरा आहे; एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून सुगंध बनवते. पण छोट्या दुकानाला खास सुगंधाची गरज क्वचितच असते. मोठ्या हॉटेलसाखळ्यांना असते, कारण त्यांना दिल्लीत आणि दुबईत शिरलेल्या पाहुण्याला आपण त्याच जागी आलो असं वाटायला हवं असतं. वेस्टिन हॉटेलांचा व्हाइट टीचा वास याच कारणासाठी आहे, आणि तो लोकांना इतका आवडला की ते मेणबत्त्या आणि डिफ्युझरच्या रूपात विकतातही.

एवढं करण्याआधी एक काम मात्र टाळता येत नाही. घाण वासावर सुगंध टाकला की सुवासिक घाण तयार होते. एसीच्या जाळीतली बुरशी, तुंबलेली मोरी, स्वच्छतागृहाचा न चालणारा एक्झॉस्ट पंखा, स्वयंपाकघरातून दालनात येणारा जुन्या तेलाचा वास, हे आधी निघायला हवं. स्टारबक्सने नवा सुगंध विकत घेतला नव्हता, करपणारं चीज थांबवलं होतं.

रस्त्यावर आलेला वास

दुकानाच्या आतला वास एकवेळ ठीक आहे. नको असेल तर माणूस आत जात नाही. रस्त्यावर सोडलेल्या वासाचं तसं नाही. डोळे मिटता येतात, श्वास रोखून किती वेळ राहणार?

डिसेंबर २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पाच बसथांब्यांवर दुधाच्या प्रचारासाठी चॉकलेट चिप कुकीचा वास देणाऱ्या पट्ट्या लावल्या गेल्या. अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तक्रार केली, आणि रस्त्यावर उपाशी झोपणाऱ्यांसमोर ताज्या कुकीचा वास सोडणं बरं नव्हे असंही लोकांनी म्हटलं. पट्ट्या जवळपास लगेच काढाव्या लागल्या. सोलमध्ये डंकिन डोनट्सने २०१२ च्या सुमाराला बसमध्ये असं यंत्र लावलं की रेडिओवर त्यांची जाहिरात वाजली की कॉफीचा वास सुटायचा; बसथांब्यांजवळच्या दुकानांत विक्री २९ टक्क्यांनी वाढली असं ही मोहीम चालवणाऱ्यांनी सांगितलं. बसमधल्या ज्यांना तो नको होता त्यांचा आकडा त्यांनी दिलेला नाही. २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये मॅकडोनाल्ड्सने नाव-चिन्ह काहीच नसलेले नुसते लाल आणि पिवळे फलक उभे केले. जवळून जाताना तळलेल्या बटाट्यांचा वास यायचा, आणि तेवढ्यावरून कंपनी ओळखली जायची. चातुर्य म्हणून मला हे आवडतं. माझ्या घरासमोर तो फलक असता तर आवडलं नसतं.

तब्येतीचा प्रश्न तर आतही आहेच. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात सुमारे एक तृतीयांश लोकांनी सुगंधी वस्तूंमुळे डोकेदुखी, श्वासाचा त्रास असं काहीतरी होतं असं सांगितलं. लिंबूवर्गीय तेलांतला लिमोनीन हवेतल्या ओझोनशी संयोग पावला की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ओझोन सोडणारं हवा शुद्ध करायचं यंत्र आणि संत्र्याचा डिफ्युझर एकाच खोलीत ठेवणं म्हणजे पैसे देऊन हवा बिघडवणं. बंद एसीच्या दुकानात दिवसभर अगरबत्ती जाळणं त्याहून वाईट, कारण तिथे सरळ धूरच आहे. गिऱ्हाईक दहा मिनिटांत जातं. काउंटरवरची मुलगी दहा तास तिथेच उभी असते, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. डॉक्टरांचा दवाखाना, लहान मुलांचं पाळणाघर, व्यायामशाळा इथे तर सुगंधापेक्षा उघडी खिडकी बरी. सुगंधी रसायनांच्या सुरक्षित वापराची मानकं इफ्रा ही आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते. तेल त्यांनुसार आहे का याचं प्रमाणपत्र पुरवठादाराकडे मागता येतं. न देणाऱ्याकडून घेऊ नये.

वासाची मालकी

इतका खर्च करून बनवलेला वास शेजाऱ्याने उचलला तर? नाव आणि चिन्हाप्रमाणे वासाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करता येते का, यावर जगभर वाद झालेत. अमेरिकेने १९९० मध्ये भरतकामाच्या दोऱ्याला दिलेल्या चाफ्याच्या वासाची नोंदणी मान्य केली. व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीने तर आपल्या दुकानांमधला फुलांचा-कस्तुरीचा वास २०१४ मध्ये तिथल्या पूरक नोंदवहीत नोंदवून घेतला. युरोपच्या न्यायालयाने मात्र २००२ मध्ये सांगितलं की रासायनिक सूत्र, शब्दांतलं वर्णन किंवा वासाचा नमुना, यांतलं काहीच वासाला नेमकेपणाने कागदावर मांडू शकत नाही.

भारताच्या १९९९ च्या कायद्यातही चिन्ह आलेखरूपात दाखवता येणं आवश्यक आहे, म्हणून वासाचं घोडं इथेच अडायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पुढे सरकलं. सुमितोमो रबर या जपानी कंपनीचा टायरना दिलेल्या गुलाबासारख्या वासाचा अर्ज ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाने स्वीकारला. याच कंपनीने १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये हाच वास नोंदवला होता. भारतातली अडचण सोडवली ती अलाहाबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी: फुलांचा, फळांचा, लाकडाचा, गोडसर असा प्रत्येक वास किती, हे सात घटकांच्या आकड्यांत बसवून त्यांनी त्या गुलाबाचा आलेख काढून दिला. टायरचा आणि गुलाबाचा काही संबंध नाही, हेच कंपनीच्या पथ्यावर पडलं. बेकरीवाल्याने ताज्या पावाचा वास माझा म्हणून अर्ज केला तर तो टिकायचा नाही. तो वास मालातच आहे, आणि सगळ्या बेकऱ्यांचा आहे.

याच मुद्द्यावर बेकरीवाल्याला दुसरा एक मोह होतो. पाव बाहेरून येतो, भट्टी कधीच विकली, पण दारात ताज्या पावाच्या वासाचं यंत्र. कायद्याने यात कुणी पकडेल असं नाही, तरी मला ही फसवणूक वाटते. लॉबीतला चंदनाचा वास कुणाला इथे चंदन उगवतं असं सांगत नाही. पावाचा वास मात्र सरळ सांगतो की आत भट्टी पेटलेली आहे.

तुमचं स्वतःचं दुकान असेल आणि पुरवठादार यंत्र महिनाभर वापरून बघा म्हणत असेल तर जरूर घ्या, पण मोजमाप आपलं ठेवा. काही दिवस यंत्र चालू, काही दिवस बंद, असं चार-सहा आठवडे करा. चालू-बंदचे वार ठरलेले नकोत, नाहीतर रविवारची गर्दी सुगंधाच्या खात्यात जमा होईल. चिठ्ठी टाकून ठरवा. सणाचे आठवडे वगळा. आज यंत्र चालू आहे का हे काउंटरवरच्यांना सांगू नका. त्यांना कळलंच तर हरकत नाही, पण कुणाला डोकं दुखण्याचा त्रास होतो का ते मात्र दर आठवड्याला विचारा. शेवटी दोन्ही दिवसांची बिलांची संख्या आणि सरासरी बिल शेजारी-शेजारी लिहा. फरक दिसत नसेल तर यंत्र परत करा आणि त्या पैशांत स्वच्छतागृहाचा एक्झॉस्ट पंखा बदला.